शालनताईंची खिरापत

“पोरीचा गळा झाकत जा गं, वृषाली. आज लहान आहे, उद्या उजवायची आहे.”

शालनताई म्हणजे माझी थोरली जाऊ. त्या हे म्हणाल्या तेव्हा आम्ही दोघी हादग्यासाठी माळ ओवत बसलो होतो. भेंडी, कारली, चिंचेचे आकडे, भुईमुगाच्या शेंगा, हाताला लागेल ते दोऱ्यात. समोर अंगणात माझी जुई मोकळ्या गळ्याच्या फ्रॉकमध्ये हुंदडत होती. गळ्याच्या खळीखालून निघून फ्रॉकमध्ये दिसेनासा होणारा तिचा व्रण उन्हात चकचकत होता.

“कशाला झाकायचं?” मी म्हटलं. “चोरी केलीय का तिने?”

“तसं नव्हे गं. गळाबंद शिवत जा सगळं. एकदा सवय लागली की काही वाटत नाही.”

त्यांचा स्वतःचा ब्लाऊज गळ्यापर्यंत बटणं लावलेला असायचा. सांगलीकडच्या उन्हाळ्यात, जिथे कावळेसुद्धा चोच वासून बसतात, तिथेही त्यांचं वरचं बटण कधी सुटलेलं मी पाहिलं नव्हतं. माहेरचं वळण असेल, असं मी धरून चालले होते. त्यांचं बोलणं मी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. जुईचा एकही फ्रॉक बदलला नाही. आयुष्यात मी जे थोडे शहाणपणाचे निर्णय घेतले, त्यात हा एक. तो शहाणपणाचा का, ते मात्र मला नंतर कळलं.

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. मोठे भावजी, म्हणजे शालनताईंचे यजमान, कारखान्यात केमिस्ट आणि माझे यजमान शेती खात्यात. दोन क्वार्टर शेजारी-शेजारी, मधली भिंत तेवढी उभी. सासूबाई सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे. शालनताईंचा मुलगा पुण्यात शिकायला गेलेला, त्यामुळे त्या घरातली सगळी माया जुईच्या ताटात पडायची.

जुई जन्मली ती निळसर ओठ घेऊनच. हृदयात भोक आणि फुफ्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. वर्षाची व्हायच्या आत मिरजेला तिचं ऑपरेशन झालं. थिएटरच्या दाराबाहेर सगळे नातेवाईक “देवाची इच्छा” म्हणून तोंड पाडून बसले होते. एकट्या शालनताई माझा हात घट्ट धरून म्हणत होत्या, “वाचेल ती.”

“कशावरून?” मी रडत विचारलं होतं.

“वाचतात. मला माहीत आहे.”

पुढे थंडीत जुई व्रणावर नखं ओढायला लागली, तेव्हाही त्याच म्हणाल्या, “थंडीत खाजतं ते. खोबरेल कोमट करून लाव, चोळू नकोस.” लावलं, तर खरंच गुण आला. बीएस्सी झालेली मी; पुस्तकं पालथी घातली होती, पण हे कुठे वाचलं नव्हतं. शालनताईंना बरं कसं ठाऊक, हा प्रश्न मला पडला होता. पण घरकामाच्या धबडग्यात असे प्रश्न जिथल्या तिथे राहून जातात.

जुई बोलायला लागली तशी मिरजेच्या डॉक्टर इनामदार थेट तिच्याशीच बोलायच्या. “हे बघ जुई, तुझ्या घराची गळती आम्ही बंद केली. पण भिंत फोडून पुन्हा बांधली की आतल्या वायरिंगवर लक्ष ठेवावं लागतं. आज दिवे छान लागतात. पुढे कित्येक वर्षांनी एखादी वायर तिथल्या टाक्यांपाशी अडखळू शकते. म्हणून दरवर्षी यायचं, ईसीजीची पट्टी काढायची, मला तोंड दाखवायचं आणि पळायचं.”

“पळू ना?” जुईने विचारलं होतं.

“पळ की. खेळ, नाच. दमलीस की बस. पण बसल्या जागी छाती धडधडली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आईला सांगायचं. लपवायचं नाही.”

ते ‘पळ की’ जुईने ऐकलं, ‘पण’च्या पुढचं मी. तिला झोपवताना मी तिच्या छातीला कान लावून पडायची. तिला त्याच्या गुदगुल्या व्हायच्या. मग आम्ही त्याचा खेळच केला. संथ ठोके म्हणजे कासव. पळून आल्यावरचे ठोके म्हणजे ससा. मध्येच एखादी उडी आली तर बेडूक. मनगटावर दोन बोटं ठेवून ती स्वतःच सांगायची, “आई, कासव आहे, झोप आता.” आणि नियम एकच: बसल्या जागी ससा पळाला तर तिथल्या तिथे ओरडायचं, मग वर्गात असो की देवळात. व्रणाला ती ‘माझी चेन’ म्हणायची. शाळेत नवीन मूल आलं की आधी नाव सांगायची आणि मग चेन दाखवायची.

जुई दुसरीत होती त्या वर्षी नवरात्रात हादगा एकेक दिवस एकेका घरी होता. आमच्या दोन क्वार्टरचा मिळून एक दिवस आला. अंगणात पाटावर हत्ती मांडला. कारखान्यात दसऱ्याला बॉयलर पेटवायचा, म्हणून पुरुष सगळे तिकडेच. कॉलनीभरच्या मुली आणि त्यांच्या आया अंगणात जमल्या.

खिरापत शालनताईंची होती. आणि त्यांची खिरापत आजवर कुणालाही ओळखता आली नव्हती, ही त्यांची कॉलनीभर कीर्ती. इतर घरी मुली डबा कानाशी धरून हलवायच्या. खडखड म्हणजे लाडू नाही तर शेंगदाणे, सरसर म्हणजे चिवडा. जुईचा कान त्यात सगळ्यात तिखट. पण शालनताई डब्यात आधी जुन्या कापडाचं मऊ धडपं अंथरायच्या, वरून आणखी एक दाबून बसवायच्या. डबा कितीही हलवा, मुका. मुली रडकुंडीला आल्या की मग त्या हसून झाकण उघडायच्या. ओळखली काय अन् हरलो म्हटलं काय, झाकण तेव्हाच उघडायचं, अशी रीत.

फेर सुरू झाला. जुई फेरात आणि मी कडेला, तिच्यावर डोळा ठेवून. ओठ गुलाबी आहेत ना, श्वास पुरतोय ना. शेजारच्या माळीणकाकू म्हणाल्यासुद्धा, “वृषाली, पोर हत्तीभोवती फिरतीय, तू पोरीभोवती.” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण नजर काही काढली नाही.

म्हणूनच मला दुसरं काही दिसलं नाही. शालनताईंनी नऊ दिवसांचे उपास धरले होते. दोन दिवस त्या मधूनच गळ्यापाशी हात धरून पायरीवर बसत होत्या. विचारलं तर “पित्त गं” म्हणायच्या. फेर संपला तेव्हाही त्या पायरीवरच बसल्या होत्या, मांडीवर डबा घेऊन.

“ओळखा!”

“ओली का सुकी?” “गोड का तिखट?” मुलींनी गिल्ला केला. डबा हातोहात फिरला. कुणालाच काही कळेना. शेवटी जुई जाऊन काकूच्या मांडीवर बसली, डबा एका कानाला लावला आणि दुसरा कान नकळत काकूच्या छातीवर टेकला.

तिने डबा हलवला. थांबली. पुन्हा हलवला. मग वैतागून म्हणाली, “श्श! मला डब्यातलं ऐकूच येईना. काकूच्या आतलंच लई वाजतंय.”

बायका खळखळून हसल्या.

जुई हसली नाही. तिने डबा खाली ठेवला, काकूच्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि ओरडली, “आई! ससा! काकू बसलीय आणि तिचा ससा पळतोय!”

“अगं, उपास आहे माझा,” शालनताई हसायला गेल्या. “पोटात काही नाही, म्हणून...” आणि उठायला म्हणून त्यांनी पायरीला हात लावला, तो हात तसाच घसरला. पुढच्या क्षणी त्या अंगणात आडव्या पडल्या होत्या.

एकच गलका झाला. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी वहाण हुंगवायला. “देवीचा उपास सोसला नाही,” कुणीतरी म्हणालं. डॉक्टर इनामदारांनी शिकवलेलं घोकावं तसा जुईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला, “वारा येऊ द्या! पाय वर करा तिचे! आई, गळा मोकळा कर!”

मी भानावर आले ती त्या आवाजाने. गुडघ्यांवर बसले, त्यांचं वरचं बटण काढलं, दुसरं काढलं. आणि माझा हात थांबला.

गळ्याच्या खळीखालून सरळ खाली गेलेली पांढुरकी रेघ. दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. मी जी रेघ रोज खोबरेल लावून बोटांनी ओळखत होते, तीच. फक्त जुनी.

शालनताईंनी डोळे उघडले. माझा चेहरा पाहिला आणि मुठीत गळा आवळून धरला. ओठ हलले, “नको...” सासूबाई पाणी घेऊन येत होत्या. मी शालनताईंचाच पदर ओढून त्यांच्या गळ्यावर घातला. पण जुई माझ्या खांद्याला खेटूनच उभी होती. तिने पाहिलं होतं.

कारखान्याची जीप आली. मी, सासूबाई आणि जुई त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. गडबडीत जुईने खिरापतीचा डबाही उचलून आणला होता, कुणाला पत्ता नाही.

डॉक्टर खोत तरुण होते, कारखान्याच्या दवाखान्यात नवेच आले होते. त्यांनी लगेच ईसीजी काढला. पण ससा जसा आला तसा पळूनही गेला होता. पट्टीवर फार काही दिसेना. नाडी जाग्यावर आली होती, शालनताईंच्या चेहऱ्यावर रंग परतला होता.

“उपासामुळे असू शकतं,” ते म्हणाले. “अजून एकदोन गोष्टी विचारतो. छातीत धडधड पूर्वी कधी झालीय?”

“नाही हो. पित्ताचा त्रास तेवढा.”

“आधीचं काही आजारपण? कुठलं ऑपरेशन?”

शालनताईंनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासूबाई खाटेच्या उशालाच उभ्या होत्या.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“बरं. मग लिंबूसरबत द्या, उपास सोडा आणि घरी न्या.”

 डॉक्टर इनामदारांचं एकेक वाक्य मला पाठ होतं. ती वायर पुन्हा अडखळणार, हे मला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. आणि पुढच्या वेळी अंगणात बायका नसतील, त्या न्हाणीघरात एकट्या असतील, कडी लावून. शब्द अगदी ओठांशी आला. पण इतकी वर्षं मुठीत धरलेली गोष्ट, मी कोण ती उघडणार? आणि न उघडावी तर?

माझं असं मागेपुढे चाललेलं असताना जुई स्टुलावर चढली. डबा तिने खाटेवर ठेवला.

“काकू, मी ओळखली.”

“काय गं?”

“तुझी खिरापत.”

“आता खिरापत कसली काढलीस...”

“ओळखली की झाकण उघडायचं असतं. तूच म्हणतेस.” आणि तिने स्वतःच्या फ्रॉकची गळ्याखालची दोन्ही बटणं काढली. “मी आधी दाखवते, हां. ही माझी चेन. डॉक्टर इनामदार म्हणतात, चेनवाल्यांनी लपवायचं नसतं. आता तू.”

 डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

शालनताईंनी जुईच्या व्रणाकडे पाहिलं. बोट लावून वरून खालपर्यंत पाहिलं, एखादी ओळखीची वाट चाचपावी तसं. मग त्यांची मूठ सुटली.

“सात वर्षांची होते,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या, पण डोळे जुईकडेच. “मुंबईला झालं. हृदयाच्या पडद्यात भोक होतं, ते बुजवलं. वडील म्हणाले, बरी झालीस, आता दवाखान्याची वाट विसर. पोरीची जात, कुणी पाहिलं तर लग्न जमायचं नाही. तेव्हापासून आमच्या ह्यांच्याखेरीज कुणाला दाखवलं नाही. बाळंतपणही माहेरी केलं, तिथले डॉक्टर ओळखीचे होते. धडधड होते. होते अधूनमधून. गेल्या वर्षापासून जास्त.”

मग त्यांनी मान खाली घालून सासूबाईंना म्हटलं, “आई, तुमच्यापासून लपवलं.”

सासूबाईंनी हात पुढे करून त्या गळाबंद ब्लाऊजची कड चिमटीत धरली. 

“एवढी वर्षं उन्हाळ्यात घामाने निथळलीस,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुझ्या माहेरची रीत असेल.”

“आई...”

“गप. या पोरीची चेन ती पाळण्यात असल्यापासून बघतीय मी. हिला टाकली का मी? मग तुला टाकली असती का गं?”  पदराने नाक पुसून त्या डॉक्टरांवर वळल्या. “बघत काय बसलाय? लिहून घ्या ती सांगतीय ते. आणि सरबत राहू द्या. मिरजेला कशातनं न्यायचं ते बोला.”

डॉक्टर खोतांनी खरंच धावपळ केली. ते म्हणाले, हे कळलं नसतं तर मी यांना घरी पाठवलं असतं. गाडी निघायच्या आत मोठे भावजी बॉयलरवरून आले. शालनताईंचा गळा उघडा, त्यांच्या उशाशी आई, हे पाहून त्यांना सगळं समजलं. बाहेर मला म्हणाले, “मला लग्नाआधीच सांगितलं होतं तिच्या वडिलांनी. मीच म्हटलं, घरात बोलायला नको, उगीच तिला कमी लेखतील. मला वाटलं, मी तिला जपतोय.”

वाटेत जुईने डबा उघडला. भोपळ्याचे घारगे निघाले. “हॅट्,” ती म्हणाली, “मला वाटलं करंज्या.” त्या गाडीत, तशा प्रसंगी, आम्ही सगळे हसलो. शालनताईसुद्धा.

मिरजेत त्यांच्या छातीला दिवसरात्र ठोके टिपणारं छोटं यंत्र लावलं आणि दुसऱ्या दिवशी ससा सापडला. डॉक्टर इनामदारांनी समजावलं: लहानपणच्या टाक्यांच्या कडेने वीज सरळ न जाता गोल-गोल फिरत बसते, आणि ती तशी फिरायला लागली की हृदय तिच्यामागे फरफटतं. पुढे मांडीतल्या शिरेतून बारीक नळी घालून ती चुकीची वाट त्यांनी जाळून बंद केली. “आणखी उशीर झाला असता तर?” भावजींनी विचारलं.  डॉक्टर इनामदारांनी जुईला बोलावलं आणि स्वतःच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून तिच्या गळ्यात घातला.

“काकूचं काय चाललंय, बघ बरं.”

जुईने ऐकलं, बराच वेळ, डोळे मिटून. “कासव,” ती म्हणाली.

मी त्या दाराशी उभी होते. ती जन्मल्यापासून ज्या हृदयाच्या काळजीने मी झोप उडवून घेतली, त्या हृदयाची पोर दुसऱ्या हृदयाला कान लावून उभी होती. मान ताठ, व्रण उघडा. आई म्हणून मला त्या दिवशी जे वाटलं, त्याला अभिमान हा शब्द जरा तोकडाच पडतो. पण दुसरा सापडत नाही.

जुई आता दहावीत आहे. ती आणि शालनताई दरवर्षी एकाच गाडीने मिरजेला जातात, आपापल्या पट्ट्या काढून घेतात आणि येताना बसस्टँडवर भेळ खातात. शालनताईंनी पहिल्यांदा गोल गळ्याचा ब्लाऊज शिवायला टाकला, तेव्हा शिवणाऱ्या बाईंनी विचारलं, “हे काय लागलंय हो तुम्हाला?”

“चेन आहे माझी,” त्या म्हणाल्या. आणि घरी येऊन सासूबाईंना ते तीनदा सांगितलं.

खिरापत मात्र त्या अजून धडप्यात गुंडाळूनच ठेवतात. खिरापतीचं तेवढं चालतं.

तुमच्याही माहितीत कुणीतरी असेल. आत्या, मामी, शेजारीण, ऑफिसातला एखादा. लहानपणी ‘छातीचं काहीतरी’ झालेलं, घरात त्याचं नाव निघत नाही, आणि उन्हाळ्यातही वरचं बटण सुटत नाही. आज त्यांच्याकडे जा. शेवटचा ईसीजी कधी काढलात, एवढं विचारा. “मला काही होत नाही, पित्त आहे,” असं म्हणतील. शालनताईही तेच म्हणत होत्या. तेवढ्यावर उठून येऊ नका. थोडं जवळ सरकून बसा आणि पुन्हा विचारा.